टकटकीची तक्रार

ज्या माणसाचं पोट लोकांच्या आवाजावर चालतं, त्याची स्वतःची गाडी तरी गप्प असावी, एवढी अपेक्षा समाजाने ठेवली तर त्यात समाजाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी नगरपालिकेच्या आवाज नियंत्रण कक्षात मापन अधिकारी आहे. कुणी भर दुपारी फरशी कापायला घेतली, कुणाच्या जनरेटरने शेजाऱ्याची झोप उडवली, की लोक आमच्या कक्षाला फोन करतात आणि मी तिपाई, आवाज मोजायचं यंत्र आणि शक्य तितका गंभीर चेहरा घेऊन तिथे हजर होतो. माझी बायको ग्रंथालयात आहे. तिचा सगळा दिवस लोकांना ‘श्श’ म्हणण्यात जातो. आणि माझ्या आईला ऐकू येत नाही. थोडक्यात, शांततेच्या बाबतीत आमच्याइतकं मुरलेलं घर शोधून सापडायचं नाही.

आईला ऐकू येत नाही, हे वाक्य मी आपलं सवयीने लिहिलं. तिला कानाचं यंत्र आणून दिलेलं आहे. ते ती डबीत ठेवते आणि डबी कपाटात. “ते लावलं की तुम्ही दोघं काय बोलता ते ऐकू येतं,” असं तिचं म्हणणं. त्यामुळे आम्ही तिच्याशी ओरडून बोलतो, ती आमच्याशी हळू बोलते आणि एकमेकांचं निम्मंअर्धं कळल्यासारखं करून आम्ही गुण्यागोविंदाने राहतो.

गाडी साधारण आमच्या लग्नाच्या वयाची आहे. रंग उडालाय, एक काच हाताने धरून वर ओढावी लागते आणि डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे वयोमानाप्रमाणे एकेक करून कायमचे विझलेत. ऑफिसला मी बसनेच जातो, हिचं ग्रंथालय चालत जाण्याजोगं. गाडीचं खरं काम एकच, ते म्हणजे दर शनिवारी आईला मावशीकडे नेणं. मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावरच्या वसाहतीत राहते. मध्ये बस बदलावी लागते आणि आईच्या गुडघ्यांचं बसच्या पायरीशी पटत नाही. दोघी बहिणी शनिवारची दुपार एकत्र घालवतात. बाकीचा आठवडा आई मागच्या शनिवारचं आठवण्यात आणि पुढच्या शनिवारची पिशवी भरण्यात काढते.

तर एके दिवशी सकाळी चहा घेताना आई म्हणाली, “गाडीचा आवाज बदललाय रे.”

“कुणाचा?” मी ओरडलो.

“गाडीचा. टकटकतेय.”

मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसांबद्दल घरात जे एक प्रेमळ हसू ठेवलेलं असतं, ते आम्ही दोघांनी बाहेर काढलं.

“आई, तुम्हाला कुठे ऐकू येतो गाडीचा आवाज!” ही म्हणाली.

“मला नाही येत. माझ्या भिंतीला येतो,” आई म्हणाली.

आईच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच गाडी उभी असते, हे खरं. पण ज्याने आयुष्यभर आवाज मोजले त्याला भिंतीची साक्ष कशी चालणार? पुढचे काही दिवस आई रोज तेच म्हणत राहिली आणि मी रोज “बघतो” म्हणत राहिलो. “बघतो” हा फार सोयीचा शब्द आहे. त्याने समोरच्याचं समाधान होतं आणि आपल्याला उठावं लागत नाही.

मग एकदा मलाही तो आवाज ऐकू आला. गाडी सुरू केली की बोनेटच्या खालून टक टक टक टक. वेग वाढवला की टकटकही वाढायची. पाठ्यपुस्तकात असतो तसा स्वच्छ, ठाशीव आवाज होता. मी इंजिन चालू ठेवून उतरलो, कान लावला आणि नकळत मान डोलावली.

मान डोलावताना मी वरच्या मजल्यावरच्या काकांना दिसलो. हे काका विम्याच्या धंद्यातून निवृत्त झालेत आणि ‘माझ्या अनुभवानुसार’ या दोन शब्दांशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही, म्हणून इमारतीत त्यांना ‘अनुभवानुसार’ असंच म्हणतात. ते चपला अडकवून खाली आले. “माझ्या अनुभवानुसार,” ते म्हणाले, “उंदीर.”

“उंदीर टक टक करतो?”

“गाडी सुरू झाली की तो घाबरतो. घाबरला की शेपटी आपटतो. माझ्या एका ग्राहकाने याच कारणासाठी दावा केला होता.”

तो दावा मंजूर झाला का, ते त्यांनी सांगितलं नाही. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या दाताच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात निघाल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांनी मला गाडी दोनदा बंद आणि दोनदा चालू करायला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं की कुठेतरी काहीतरी हलतंय, आत्ता दुखत नसेल पण दुर्लक्ष केलंत तर सगळं काढावं लागेल. त्यांचं हे बोलणं पुढे फारच खरं ठरण्याच्या बेतात आलं होतं. पण त्या दिवशी मी ते दंतवैद्यकीय मत म्हणून सोडून दिलं. काकांनी मात्र बोनेटखाली पिंजरा लावायचा आग्रह धरला, आणि तो लावलाही. गाडी सुरू केली की आता टक टक टक आणि मध्येच पिंजऱ्याचं खडखड, असं ऐकू येऊ लागलं.

आता कुणीही विचारील की अहो, सरळ गॅरेजात का गेला नाहीत? गेलो होतो. पण माझ्या पेशातली एक अडचण आहे. आमच्या भागातल्या प्रत्येक गॅरेजला मी कधी ना कधी ठोकाठोकीबद्दल नोटीस दिलेली आहे. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला तर अलीकडेच दिली होती, आणि त्याने ती चौकट करून दाराशी टांगली होती. मी गाडी आत घातली तेव्हा तो लगबगीने पुढे आला, हात पुसले, मला खुर्ची दिली.

“काय सेवा करू, साहेब?”

“जरा आवाज येतोय गाडीचा.”

“येतोय खरा. बघायचं म्हणजे खोलावं लागेल. खोलायचं म्हणजे ठोकावं लागेल.” त्याने चौकटीकडे बोट केलं. “आणि ठोकायचं नाही असं लिहिलंय तुम्ही. खाली सही आहे, बघा. फार सुंदर सही आहे.”

माझी सही खरोखरच चांगली आहे, पण ती अशा वेळी वाचून दाखवायची गोष्ट नव्हे. मी चहाला नको म्हणालो आणि टकटकत घरी आलो. अपमान त्याने केला नाही, उलट खुर्ची दिली. तरीही घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

त्याच आठवड्यात ऑफिसात ते घडलं. आमच्या कक्षात तक्रारी घेणाऱ्या एक फोनवाल्या बाई आहेत. तक्रारदाराचं नाव आणि पत्ता गुप्त ठेवायचा, अशी आमची पद्धत आहे, आणि ती बाईंनी इतकी अंगी बाणवली आहे की त्यांच्या डब्यात भाजी कुठली आहे हेदेखील त्या सांगत नाहीत. त्या दिवशी त्या स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आल्या.

“तुमच्या विभागातली तक्रार आहे. जुनी गाडी. टकटक आवाज.” आणि त्यांनी गाडीचा नंबर सांगितला.

मी तो सवयीने लिहून घेतला. लिहून झाल्यावर वाचला. मग पुन्हा वाचला.

“बाई, हा माझ्या गाडीचा नंबर आहे.”

“असेल,” बाई म्हणाल्या.

“कुणी केली तक्रार?”

“असं विचारायचं नसतं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू एखाद्या माणसाच्या पाठीला कागद चिकटलाय आणि त्याला सांगावं की नाही हे आपलं ठरत नाहीये. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला असता तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, प्रकरण दुसऱ्या कुणाकडे द्या. साहेबांनी चष्मा काढला. आमचे साहेब चष्मा काढतात तेव्हा ते नियम सांगणार असतात. “त्या विभागाला मापन अधिकारी तुम्ही एकटे. दुसरा गेला तर अधिकाराबाहेर जाईल. आणि एक लक्षात ठेवा, मुख्य मापकाच्या जागेसाठी मी तुमचं नाव वर पाठवतोय. का? तर तुमची एकही तक्रार आजवर पुन्हा उघडलेली नाही.”

हे मात्र खरं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. आमच्याकडे तक्रार निकाली काढली की बाई तक्रारदाराला फोन करून विचारतात, समाधान झालं का? तो ‘नाही’ म्हणाला तर तक्रार पुन्हा उघडते, आणि मग त्याचं समाधान होईपर्यंत अधिकाऱ्याने दर आठवड्याला त्याला जातीने भेटायला जायचं. इतर सहकाऱ्यांचे निम्मे दिवस असल्या भेटीगाठींत जातात. मी मात्र कधी कुणाकडे दुसऱ्यांदा गेलो नव्हतो. माझं काम एकदाच आणि पक्कं.

तेव्हा मी मला नोटीस काढली. मजकूर नेहमीचाच होता, पण ‘आपणांस सक्त ताकीद देण्यात येते की’ हे लिहिताना हात थोडा थबकला. नोटीस राहत्या घरी प्रत्यक्ष हातात द्यावी लागते. दुपारी मी ती घेऊन घरी गेलो, तर गाडीमालक, म्हणजे मी, घरी नव्हतो, कारण मी ऑफिसच्या कामासाठी बाहेर होतो. संध्याकाळी मी घरी होतो, पण तेव्हा अधिकाऱ्याची वेळ संपली होती. शेवटी अर्धा दिवस रजा टाकून मी घरी थांबलो आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात ड्युटीवर येऊन स्वतःला गाठलं. देणाऱ्याची सही वर केली, घेणाऱ्याची खाली. साहेबांनी दोन्ही सह्या सारख्या दिसतात म्हणून शंका काढलीच.

नोटिशीत एक अट असते. आवाज मर्यादेखाली आल्याचं मापन होईपर्यंत वाहन वापरू नये. ती मीच लिहिली होती, त्यामुळे पाळणं भाग होतं.

“या शनिवारी गाडी नाही, आई!” मी ओरडलो.

“का?”

“सरकारी कारण आहे!”

आईने पिशवी भरून ठेवली होती. त्यात मावशीसाठी शिवलेला एक झगा होता, कारण आईने सगळं आयुष्य शिवणकाम केलंय आणि अजून शिलाईमशीन तिच्या खोलीत खिडकीपाशी आहे. तिने झगा बाहेर काढून पुन्हा घडी घातली आणि मशीनवर ठेवून दिला. पुढच्याही शनिवारी तेच झालं. टकटक सुरू झाल्यापासून ती अधूनमधून फ्रिजपाशी जाऊन उभी राहायची आणि त्यावर मी चिकटवलेला आमच्या कक्षाचा कागद वाचायची. ‘आवाज सहन करू नका. आम्हाला कळवा.’ खाली ठळक अक्षरात फोन नंबर. असे कागद मी वाटायला आणतो, एक घरी लावला होता. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून वाचतेय.

इकडे मी तक्रारदाराच्या मागावर होतो. माझा पहिला संशय काकांवर गेला, पण पिंजरा त्यांनीच लावला होता आणि पुराव्यात ते स्वतःच अडकले असते. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना म्हणजे दिवसभर घरघर करणारी जागा, त्या कुठल्या तोंडाने तक्रार करणार? मेकॅनिकवर संशय पक्का होता. “तुमच्यावर डूख धरून कुणी बसलंय असं तुम्हाला वाटतं, पण खरं म्हणजे लोकांना कामं असतात हो,” ही म्हणाली. ही ग्रंथालयात राहून फार समजूतदार झाली आहे, आणि मला ते कधीकधी सहन होत नाही.

शेवटी मी माझी विद्या वापरायचं ठरवलं. आता इथे जरा आमच्या खात्याची रीत सांगतो. आमच्याकडे आवाज किती होतो हे विचारतात. का होतो, हे विचारायचा रकानाच नाही. मर्यादेच्या वर असेल तर कमी करा, दार लावा, पडदा लावा, भिंतीला जाड थर द्या; खाली आला की काम संपलं. इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो, आणि लोकांनी ते केलं. मग माझ्याच गाडीला वेगळा न्याय का?

मी गादीवाल्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटचं माप घेतलं आणि अदबीने विचारलं, “सिंगल करू की डबल?”

“डबल,” मी म्हणालो. काटकसर करायची ही वेळ नव्हती.

त्याने दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा आणला, त्यावर न जळणारं म्हणून सांगितलेलं एक कापड घातलं आणि बोनेटच्या आतून, इंजिनच्या अंगावरून, दोन्ही बाजूंना असा काही तो बसवला की इंजिनला अंगाबरोबर बेतलेलं जाकीट घातल्यासारखं दिसू लागलं. मध्ये जिथे जिथे काही दांडे, पट्ट्या, झाकणं वर आलेली होती ती त्याने आत दाबून वरून टाके मारले. “उघडं काही ठेवलेलं नाही, साहेब,” तो म्हणाला. काकांचा पिंजराही तेव्हाच निघाला. त्यात उंदीर नव्हता, पण काका म्हणाले की माझ्या अनुभवानुसार तो आता गेला असेल.

मग मापन झालं. नियमाप्रमाणे गाडीमालकाने आत बसून इंजिन चालू करायचं आणि अधिकाऱ्याने यंत्रापाशी उभं राहायचं. मी आत बसायचो, पायाने रेस द्यायचो, मग पळत तिपाईपाशी यायचो, तोवर रेस उतरलेली असायची. मग मी अ‍ॅक्सिलरेटरवर एक वीट ठेवली. विटेसकट मापन केल्याचं आमच्या कक्षात हे पहिलंच उदाहरण असावं. इमारतीतली सगळी मंडळी गॅलरीत उभी होती. आईही तिच्या खिडकीत होती, हात भिंतीला टेकून. यंत्राचा काटा मर्यादेच्या खाली, चांगला ऐटीत खाली थांबला. टाळ्या पडल्या. मी अहवालात लिहिलं, ‘वाहनमालकाने संपूर्ण सहकार्य केले.’

शुक्रवारी संध्याकाळी तक्रार निकाली निघाली. शनिवारी दुपारी मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, शेजारी आई, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत झगा. गाडी सुरू केली. काहीच आवाज नाही. म्हणजे कुठेतरी दूर, गादीखाली घड्याळ पुरून ठेवावं तसं काहीतरी होतं, पण ते ऐकायला वाकावं लागलं असतं.

“बघितलंस?” मी ओरडून म्हणालो. “कशी शांत झाली!”

आईने उजवा हात समोरच्या डॅशबोर्डच्या फळीवर ठेवला होता, तळवा पूर्ण टेकवून. बाजारपेठेतून गाडी बाहेर पडली, पुलावर आली, मावशीच्या वसाहतीचा चढ लागला. मी गियर बदलला.

“थांबव,” आई म्हणाली.

“काय झालं?”

“थांबव म्हणते ना. टकटकतेय.”

“आई, काही ऐकू येत नाहीये!”

“तुला नाही येत. थांबव.”

तिचा आवाज चढला नव्हता, पण लहानपणी पाटी फोडल्यावर ज्या सुरात ती माझं नाव घ्यायची, तो सूर होता. मी चढावरच गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. बोनेटमधून गरम लोकरीसारखा वास येत होता. मागून येणारे दोघेतिघे हॉर्न वाजवून गेले. मर्यादेच्या वर होते, पण मला मोजायची इच्छा झाली नाही.

आणि तेव्हाच आईचा फोन वाजला. तिचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, नाहीतर तिला समजत नाही. तिने बटण दाबलं आणि गाडीभर एक ओळखीचा आवाज पसरला.

“नमस्कार आजी. आवाज नियंत्रण कक्षातून बोलतेय. वाहनाच्या टकटकीबद्दलची आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपलं समाधान झालं का?”

मी आईकडे पाहिलं. आई समोर रस्त्याकडे बघत होती.

“नाही,” ती म्हणाली. “अजून टकटकतंय.”

“अधिकाऱ्यांनी मापन केलं होतं, आजी.”

“मापलं. ऐकलं नाही,” आई म्हणाली. “मी त्याला घरी सांगितलं होतं, कितीदा तरी. घरात सांगितलेलं त्याला ऐकू येत नाही. ऑफिसातून आलेलं ऐकतो, म्हणून तुम्हाला सांगितलं.”

बाई हळूच म्हणाल्या, “मग तक्रार पुन्हा उघडते, आजी.” आणि फोन बंद झाला.

माझी पहिली भावना काय होती ते प्रामाणिकपणे सांगतो: मुख्य मापकाची जागा गेली. दुसरी भावना बाईंच्या त्या नजरेबद्दल होती. पत्ता त्यांना दिसत होता, सगळ्या ऑफिसात त्या एकट्यांना सगळं ठाऊक होतं. आणि तिसरी जी आली ती मात्र आली तशी बसूनच राहिली. गॅलरीतून सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा आई हात भिंतीला टेकून उभी होती. तिला मी हातही केला नव्हता. मला फार लाज वाटली.

“मला सांगायचंस ना, आई,” मी म्हणालो. ओरडलो नाही. आणि तिला ते ऐकू गेलं.

“काय सांगत होते मग?” ती म्हणाली. “माझं मशीन टकटकायला लागलं की मी काय करते?”

“काय करतेस?”

“तेल घालते. त्यावर उशी बांधत नाही. तेल बघितलंस का गाडीचं?”

तेल कधी बघितलं होतं ते आठवायचा मी मनापासून प्रयत्न केला. पेट्रोल आठवलं, हवा आठवली, काच पुसणं आठवलं. आम्ही उतरलो. मी बोनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी कुठे असते हे मला माहीत होतं, पण ती जागा गादीखाली गेली होती. गादीवाल्याने खरंच काही उघडं ठेवलं नव्हतं.

आईने पिशवीतून छोटी कात्री काढली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि एकेक टाका उसवायला लागली. “टाका चांगला घालतो हो मेला,” ती म्हणाली. शेजारून जाणारा एक मोटारसायकलवाला मुद्दाम थांबला. चढावर बोनेट उघडून शिवण उसवणाऱ्या म्हातारीला आणि तिच्यामागे पिशवी धरून उभ्या असलेल्या सरकारी अधिकाऱ्याला त्याने पोटभर बघून घेतलं आणि मग तो गेला.

पट्टी मोकळी झाली. मी ती ओढून काढली, रुमालाने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. टोकाला काळ्या डागासारखं काहीतरी लागलं होतं, तेवढंच. बाकी पट्टी स्वच्छ आणि कोरडी होती.

“बघ,” आई म्हणाली.

चढाच्या पायथ्याला पेट्रोल पंप होता. मी चालत गेलो. तिथल्या माणसाने विचारलं, “जुनी गाडी तेल पिते, साहेब. याआधी कधी घातलं होतं?” मी म्हणालो, चौकशी चालू आहे. त्याने डबा दिला. वर येईपर्यंत मला दम लागला होता आणि आई कडेच्या कठड्यावर बसून झग्याची शिवण तपासत होती. तिने मला तेल ओतताना मध्येच थांबवलं, पट्टी बघायला लावली, पुन्हा ओतायला लावलं. जाकिटाचे उरलेले तुकडे तिने गुंडाळून डिकीत टाकले. म्हणाली, उंबऱ्यापाशी पाय पुसायला होतील.

गाडी सुरू केली. सुरुवातीला टक टक टक, चांगलं स्पष्ट. मग ते विरळ झालं, मग अडखळलं, आणि हळूहळू कुठेतरी विरून गेलं. आईने फळीवर हात ठेवला होता. मीही माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. खाली एकसारखी, मऊ थरथर होती. हे असं असतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल.

मावशी दारातच उभी होती. “दोन शनिवार कुठे होतीस ग?” ती म्हणाली, आणि तिला उत्तर ऐकायचं नव्हतंच. दोघी आत गेल्या आणि एकाच वेळी बोलायला लागल्या. मावशीलाही कमी ऐकू येतं. दोघींचं एकमेकींना कितपत कळत होतं कोण जाणे, पण मध्येच थांबून दोघी एकदम हसत होत्या. मी गॅलरीत बसून राहिलो. मला कुणी आवाज कमी करायला सांगितलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

परत येताना मी आईला म्हणालो, “आता तरी बाईंना फोन करून सांग, समाधान झालं म्हणून. माझ्या बढतीचा प्रश्न आहे.”

“सांगेन की,” आई म्हणाली. “घाई काय आहे?”

“घाई म्हणजे, तक्रार उघडी राहिली तर नियमाप्रमाणे मला दर आठवड्याला तक्रारदाराला भेटावं लागतं. जातीने.”

“हो,” आई म्हणाली. “बाईंनी सांगितलं होतं मला. म्हणून तर मावशीला पुढचा शनिवार सांगून आले.”

आजही ती तक्रार उघडीच आहे. मुख्य मापकाच्या जागी दुसरा कुणी बसला. साहेब अधूनमधून चष्मा काढून विचारतात, त्या टकटकीचं काय झालं हो, आवाज तर कधीच बंद झालाय म्हणता? मी सांगतो, तक्रारदार समाधानी नाहीत, पाठपुरावा चालू आहे. मग शनिवारी दुपारी मी पट्टी काढून तेल बघतो, आई पिशवी घेऊन बसते, फळीवर हात ठेवते, आणि आम्ही निघतो.